रोजच्या गाडीचे सस्पेंशन: सोलापूरच्या रस्त्यांवर काय बदलावे, काय बदलू नये

मोटारीच्या सस्पेंशनकडे एकाच वेळी तीन कामे असतात. गाडीचे ओझे पेलायचे, रस्त्याचा धक्का आत बसलेल्यांपर्यंत जाऊ द्यायचा नाही आणि चारही चाके रस्त्याला टेकलेली ठेवायची. यांतले तिसरे काम सर्वांत मोलाचे, कारण चाक रस्त्यावरून उचलले गेले की त्या क्षणापुरते ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निकामी होतात. पण ही तिन्ही कामे एकमेकांच्या आड येतात. ओझ्यासाठी स्प्रिंग कडक लागते, आरामासाठी मऊ. वळणावर गाडी कमी कलावी म्हणून ती बुटकी असलेली बरी, खड्ड्यांसाठी उंच. कारखान्यातून निघणारी प्रत्येक गाडी ही या ओढाताणीतली एक तडजोड असते. भारतात विकल्या जाणाऱ्या युरोपीय गाड्या मूळ आवृत्तीपेक्षा थोड्या उंच केलेल्या असतात, तोही या तडजोडीचाच भाग.

सोलापुरात ही तडजोड बदलून घेण्यासाठी लोक तीन कारणांनी गॅरेज गाठतात. कोणाला गाडी खाली बसवायची असते, दिसण्यासाठी किंवा महामार्गावर ती घट्ट चालावी म्हणून. कोणाची गाडी गतिरोधकावर खाली लागते, त्याला ती उचलून हवी असते. आणि बऱ्याच जणांची गाडी जुनी होऊन उड्या मारू लागलेली असते. या तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत. तरी दुकानात तिन्हींवर बहुधा एकच उत्तर मिळते: नवी स्प्रिंग टाका. प्रत्यक्षात स्प्रिंग हा बदलायच्या भागांच्या यादीतला शेवटचा भाग असायला हवा.

आधी रस्ता पाहायला हवा. सोलापूर जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या मातीचा आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता वरून कितीही गुळगुळीत केला तरी काही वर्षांत त्यात लांब, उथळ लाटा उमटतात. कडा खचतात, साइडपट्टी आणि डांबर यांत पायरी पडते. त्यात हा साखर कारखान्यांचा जिल्हा. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ऊसाचे ट्रॅक्टर आतले रस्ते दाबून काढतात. शहरातून निघालेली गाडी पुणे–हैदराबाद महामार्गाला लागली की चार पदरी रस्ता मिळतो, विजयपूरकडे आणि तुळजापूरकडेही तसाच. पण मंगळवेढा, बार्शी, अक्कलकोट या भागांतल्या गावरस्त्यांवर आणि शहरातल्या खोदून बुजवलेल्या गल्ल्यांत चित्र वेगळे असते.

म्हणजे सोलापूरच्या गाडीवर दोन निरनिराळ्या जातींचे धक्के येतात. एक महामार्गावरची लाट. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. या वेगात दर वीस मीटरला एक अशी लाट लागत गेली तर गाडी सेकंदाला सव्वा वेळा वर-खाली ढकलली जाते. साध्या मोटारीची स्वतःची झुलण्याची लय सेकंदाला एक ते दीड एवढीच असते. रस्त्याची लय आणि गाडीची लय जुळली की झोका वाढत जातो, मागच्या सीटवरची मुले मळमळते म्हणू लागतात आणि स्टिअरिंग हलके लागते. दुसरी जात म्हणजे खड्ड्याची धारदार कड, ड्रेनेजचे वर राहिलेले झाकण, अरुंद गतिरोधक. इथे चाक एका क्षणात वर फेकले जाते. पहिल्या धक्क्याला शॉकअपचा आवर लागतो. दुसऱ्याला लागतो चाकाला वर सरकायला मिळणारा मोकळा प्रवास. बाजारात मिळणारी बहुतेक ‘अपग्रेड’ यांपैकी एक गोष्ट देऊन दुसरी काढून घेतात, म्हणून निवड करताना हा हिशेब डोळ्यांसमोर असावा लागतो.

स्प्रिंगचा कडकपणा न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये मोजतात: एक मिलिमीटर दाबायला किती जोर लागतो ते. तो तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि मोकळ्या वेटोळ्यांची संख्या यांवर ठरतो. जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो. बारा मिलिमीटरची तार तेरा केली, बाकी सगळे तसेच ठेवले, तर स्प्रिंग जवळपास ३८ टक्क्यांनी कडक होते. दोन स्प्रिंग शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना हा फरक जाणवतही नाही. त्यामुळे ‘दिसायला सारखीच आहे, बसेल’ या भरवशावर दुसऱ्या मॉडेलची स्प्रिंग टाकणे धोक्याचे आहे. एकाच मॉडेलच्या पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी आवृत्त्यांच्या स्प्रिंगही एक नसतात. वेटोळ्यावरच्या रंगाच्या खुणा पाहून त्या ओळखायच्या असतात.

स्प्रिंग नुसती साठवते. साठवलेली शक्ती जिरवण्याचे काम शॉकअपचे. तेलाने भरलेल्या नळीत दट्ट्या सरकतो, दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून आणि पातळ पोलादी चकत्यांखालून तेल ढकलले जाते आणि गाडीच्या हालचालीची उष्णता होते. चांगल्या शॉकअपचे खरे कौशल्य असे की तो हळू हालचालीला आणि झटक्याला निरनिराळी वागणूक देतो. महामार्गावरच्या लाटेत किंवा वळणावर दांडा सावकाश सरकतो, तिथे विरोध भरपूर हवा. खड्ड्याच्या कडेवर दांडा एकदम आत घुसतो, तिथे चकत्यांनी उघडून वाट द्यायला हवी, नाहीतर धक्का सरळ बॉडीत जातो. स्वस्तातला ‘हार्ड’ शॉकअप बहुधा दोन्हीकडे सारखाच ताठ असतो. तो टाकल्यावर पहिल्या दिवशी गाडी घट्ट वाटते आणि आठवड्याभरात डॅशबोर्ड खडखडू लागतो.

सोलापूरची उष्णता इथे मध्ये येते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, डांबर त्याहून कितीतरी जास्त तापते. खराब रस्त्यावर सलग चालणाऱ्या शॉकअपमधले तेल आधीच गरम झालेले असते. गरम तेल पातळ होते आणि साध्या तेलाच्या शॉकअपमध्ये हवा मिसळून फेस धरते. मग आवर सुटतो. यावर उपाय म्हणून तेलावर कमी दाबाचा नायट्रोजन भरलेले दुहेरी नळीचे शॉकअप निघाले आणि आज ते सर्रास मिळतात. एकेरी नळीचा, जास्त दाबाच्या वायूचा प्रकार जर्मनीच्या बिलस्टाइनने १९५७ मध्ये मर्सिडीज-बेंझसाठी मोठ्या प्रमाणावर आणला. त्याची नळी थेट हवेत असल्याने तो लवकर थंड होतो, पण महाग असतो, आणि नळीला दगडाचा पोचा पडला तर दट्ट्या अडकतो. रोजच्या वापराच्या छोट्या गाडीला चांगल्या कंपनीचा वायूभरला दुहेरी नळीचा शॉकअप पुरतो. गॅब्रियलसारख्या कंपन्या तो महाराष्ट्रातच बनवतात.

आता गाडी खाली बसवण्याचा प्रश्न. लोअरिंग स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा आखूड आणि थोडी कडक असते. आयबाख आणि एच अँड आर ही या क्षेत्रातली जर्मन नावे, कोब्राही ओळखीचे. २५ ते ४० मिलिमीटर खाली बसवणारे संच सहसा विकले जातात. गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो, चाकाच्या कमानीतली पोकळी भरते आणि गाडी देखणी दिसते हे खरे. विक्रेता सांगतो की स्प्रिंग कडक केलेली असल्याने ती खाली लागणार नाही. हे विधान आकड्यांवर तपासून पाहण्यासारखे आहे.

समजा पुढच्या एका चाकावर गाडीचे ३०० किलो ओझे आहे, चाकाशी मोजलेला कडकपणा २० न्यूटन प्रति मिलिमीटर आहे आणि उभ्या गाडीत चाकाला वर जायला स्टॉपरपर्यंत ८० मिलिमीटर जागा आहे. झुलण्याची लय येते सेकंदाला १.३. आता स्प्रिंग ३० टक्क्यांनी कडक म्हणजे २६ केली आणि गाडी ३५ मिलिमीटर खाली आणली. लय दीडच्या जवळ गेली. एवढा बदल बहुतेकांना सोसतो. पण वरचा प्रवास उरला ४५ मिलिमीटर. स्प्रिंग किती धक्का पचवते हे कडकपणा गुणिले प्रवासाचा वर्ग, त्याच्या निम्म्यावर ठरते. मूळ स्प्रिंग स्टॉपर गाठेपर्यंत ६४ ज्यूल पचवत होती, नवी पचवते २६. म्हणजे ३० टक्के जास्त कडक स्प्रिंगने धक्का झेलण्याची ताकद चाळीस टक्क्यांवर आणून ठेवली. ४५ मिलिमीटरमध्ये मूळ ताकद हवी असेल तर कडकपणा ६३ लागेल, तिपटीहून जास्त, आणि तेवढ्या कडक स्प्रिंगवर सोलापूर ते पंढरपूर हे अंतरही जिवावर येईल.

प्रवासाचा वर्ग होतो, कडकपणाचा नाही. रोजच्या गाडीच्या सस्पेंशनबद्दल लक्षात ठेवण्याजोगी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. गावच्या रस्त्यासाठी पैसे मोजून काही विकत घ्यायचे असेल तर प्रवास विकत घ्यावा. खाली बसवलेल्या गाडीत तो पैसे मोजून विकला जातो. जर्मनीतल्या सपाट रस्त्यावर ४५ मिलिमीटर कधीच संपत नाहीत, म्हणून तिथे ही स्प्रिंग उत्तम चालते. मालात खोट नसते, रस्ता वेगळा असतो. प्रवास संपला की बंप स्टॉप, म्हणजे शॉकअपच्या दांड्यावरचा फोमचा ठोकळा, स्प्रिंगचे काम करू लागतो. तो चेपून चेपून फुटतो, मग धातू धातूवर आपटतो. वरची माउंट, शॉकअपचे सील आणि टायरची बाजू, सगळ्यांवर तोच मार बसतो.

गतिरोधकाचा हिशेबही असाच मांडता येतो. भारतीय रस्ते महासभेच्या ‘आयआरसी ९९’ या संहितेच्या १९८८ च्या आवृत्तीतला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, वक्रतेची त्रिज्या १७ मीटर. मारुती स्विफ्टच्या दोन चाकांतले अंतर २.४५ मीटर आहे. अशा प्रमाणशीर उंचवट्यावर पुढची-मागची चाके दोन्ही बाजूंना असताना माथा पोटाच्या दिशेने फक्त ४४ मिलिमीटर वर येतो. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावरून खाली बसवलेली गाडीही सहज जाते. पण गावोगावी लोकांनी सिमेंट-डांबराने घातलेला गतिरोधक हातभर किंवा दोन हात रुंद असतो. दोन चाकांच्या मधे तो अख्खा मावतो आणि त्याची पूर्ण उंची पोटाला सामोरी येते. स्विफ्टची जाहीर उंची १६३ मिलिमीटर. पाच माणसे आणि सामान मिळून तीनशे किलोंच्या आसपास ओझे चढले की वरच्या उदाहरणातल्या कडकपणाने गाडीचा मध्य ३५ ते ४० मिलिमीटर दबतो. उरले सव्वाशे. त्यातून लोअरिंगचे ३५ वजा केले की नव्वद. दहा सेंटिमीटरचा अरुंद उंचवटाही मग चेंबर किंवा सायलेन्सरला लागतो. विजेवर चालणाऱ्या गाडीत हा धोका जास्त गंभीर, कारण तिथे पोटाखाली तेलाचे चेंबर नसून बॅटरीचा संच असतो. त्या गाड्या खाली बसवूच नयेत.

खाली बसवलेल्या गाडीच्या भूमितीतही फरक पडतो. आज बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. फोर्डचे अभियंते अर्ल मॅकफर्सन यांची ही रचना १९५० च्या फोर्ड कॉन्सलमधून प्रसिद्धीला आली. तिच्यात शॉकअप, स्प्रिंग आणि चाकाचा आधार एकाच खांबात येतात, जागा आणि खर्च वाचतो. पण गाडी खाली आली की खालचा आर्म चाकाकडे वर चढू लागतो. त्यामुळे ज्या बिंदूभोवती बॉडी कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतो, दोघांमधले अंतर वाढते आणि कलंडण्याचा जोर वाढतो. कडक स्प्रिंगने मिळवलेला फायदा इथे काही अंशी परत जातो. टाय रॉडचा कोन बदलल्याने खड्ड्यात चाक आपोआप थोडे वळते आणि स्टिअरिंग हातात झटका देते. कॅम्बर आणि टो हे चाकांचे कोन सरकतात, टायर आतल्या कडेने झिजू लागतात. पुढचा टो अलाइनमेंटमध्ये नीट करता येतो. मागे मात्र बहुतेक हॅचबॅकमध्ये ट्विस्ट बीम असतो आणि तिथे फिरवायला काही नसते. जे कोन येतील ते तसेच राहतात.

जे खाली बसवण्यावर ठाम असतात त्यांच्यासाठी मर्यादा सांगता येते. पंधरा ते वीस मिलिमीटर उतरवणारी, वाढत्या कडकपणाची स्प्रिंग, तिच्या मापाचा शॉकअप आणि कापून जुळवलेला किंवा नवा आखूड बंप स्टॉप, एवढे एकत्र घेतले तर एकट्याने किंवा दोघांनी चालवायची, महामार्गावर जास्त फिरणारी गाडी रोज वापरता येते. मूळ शॉकअप ठेवून नुसती स्प्रिंग बदलण्याचा मोह मोठा असतो, कारण खर्च निम्म्यावर येतो. पण मूळ शॉकअपचा आवर मूळ स्प्रिंगच्या मानाने ठरवलेला असतो; कडक स्प्रिंग त्याला उसळीत आवरत नाही. शिवाय तो कायम आखडलेल्या स्थितीत चालतो आणि लवकर गळतो. उंची फिरवून बदलता येणारे कॉइलओव्हर यापेक्षा कितीतरी महाग. त्यांच्या आट्यांत धूळ-चिखल बसतो, त्यामुळे ठराविक मुदतीने ते काढून साफ करावे लागतात. ट्रॅकवर गाडी नेणाऱ्यासाठी ते योग्य आहेत. शाळा, बाजार आणि तुळजापूरची वारी करणाऱ्या गाडीत ते पैसे वाया जातात.

स्प्रिंग कापणे हा मात्र कोणत्याही परिस्थितीत न करण्याचा प्रकार आहे, आणि तो अजूनही होतो. सहा मोकळ्या वेटोळ्यांतले एक कापले की स्प्रिंग आखूड तर होतेच, वीस टक्के कडकही होते. गॅस कटरने कापताना त्या टोकाचे पाणी उतरते, तिथे पोलाद ठिसूळ किंवा मऊ पडते. शेवटचे वेटोळे बैठकीवर सपाट बसत नाही, एका बिंदूवर टेकते. सर्वांत वाईट म्हणजे चाक पूर्ण खाली लोंबकळले की आखूड स्प्रिंग बैठकीत सैल होते आणि उडालेल्या गाडीत ती वाकडी बसू शकते किंवा निसटू शकते.

गाडी उचलण्याचे उपाय खाली बसवण्यापेक्षा स्वस्त आणि म्हणून जास्त लोकप्रिय आहेत. वेटोळ्यांच्या फटीत घालायचे रबरी बफर सोलापूरच्या कोणत्याही ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळतात. ते दोन वेटोळ्यांना जखडतात. जखडलेले वेटोळे काम करेनासे होते, उरलेल्यांवर ताण वाढतो, स्प्रिंग कडक होते. गाडी थोडी उचलली जाते, पण रिकाम्या गाडीत मागचा भाग आपटत चालतो आणि बफरच्या कडेला स्प्रिंग खरवडून गंज धरते. तात्पुरता, ओझ्यापुरता उपाय म्हणून एखाद्याला ते चालतील. कायमचे बसवू नयेत.

स्ट्रटच्या माथ्यावर घालायचे स्पेसर तुलनेने समंजस. माउंट आणि बॉडीच्या मधे पंधरा-वीस मिलिमीटरची चकती घातली की पूर्ण खांब तेवढा खाली सरकतो. शॉकअपच्या आतला प्रवास होता तेवढाच राहतो आणि पोटाखालची जागा वाढते. किंमत मोजावी लागते ती दुसरीकडे. ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, चाक लोंबकळले की बॉल जॉइंट टोकाला जातो, सीव्ही जॉइंटचे रबरी बूट लवकर फाटतात. काळ्या मातीची बारीक धूळ फाटलेल्या बुटातून आत गेली की जॉइंट फार दिवस टिकत नाही. वीस मिलिमीटरपलीकडे जाऊ नये आणि पुढे-मागे सारखेच उचलावे. बोलेरोसारख्या मागे कमान-पाट्यांच्या गाडीत दबलेले पाटे पुन्हा वाकवून बसवण्याची जुनी रीत आहे, पण पाणी न दिलेला पाटा महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा बसतो. खचलेला पाटा बदललेलाच बरा.

मागून बसलेल्या गाड्यांत बाहेरून सीएनजी बसवलेल्या गाड्या पुष्कळ असतात. डिकीतली पोलादी टाकी आणि तिची चौकट मिळून एक माणूस कायमचा मागे बसलेला असतो, साठ किलोंच्या आसपासचा. कारखान्यातून सीएनजी घेऊन येणाऱ्या आवृत्तीत कंपनीने मागच्या स्प्रिंग त्या हिशेबाने बदललेल्या असतात. बाहेरून बसवलेल्या गाडीत त्या पेट्रोलच्याच राहतात. मग घरचे पाच जण अक्कलकोटला निघाले की मागचे चाक कमानीत शिरते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांवर जातात. इथे कडक स्प्रिंगची गरज खरी आहे, आणि तिचे साधे उत्तर म्हणजे त्याच मॉडेलच्या सीएनजी आवृत्तीच्या मूळ मागच्या स्प्रिंग आणि त्याच आवृत्तीचे शॉकअप. भूमितीत काही बिघडत नाही, भाग कंपनीच्या काउंटरवर मिळतात. बाजारातल्या सगळ्या ‘अपग्रेड’मध्ये याच्याइतका हमखास उपाय दुसरा नाही, आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही.

बाकीच्या गाड्यांत, म्हणजे बहुसंख्य गाड्यांत, काही अपग्रेड करण्याआधी झिजलेले भाग मूळ स्थितीला आणणे हेच मोठे अपग्रेड ठरते. साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत खडखड आली तर पहिला संशय स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडवर घ्यावा. तो स्वस्त असतो आणि सर्वांत आधी जातो. त्यानंतर लोअर आर्मचे बुश. पट्टीने आर्म हलवून पाहिला की फाटलेले रबर उघडे पडते. स्टिअरिंग जागेवर फिरवताना ‘टक्’ असा आवाज आला आणि स्प्रिंग झटक्याने सरकल्यासारखी वाटली तर वरच्या माउंटची बेअरिंग गेली. शॉकअपच्या नळीवर तेलाने धूळ धरून चिखल झाला असेल तर तो संपला. नुसते धुकट ओलेपण असेल तर अजून काही काळ चालेल. गाडीचा कोपरा हाताने दाबून सोडायची जुनी परीक्षा पूर्ण मेलेला शॉकअप ओळखते, अर्धमेला ओळखत नाही. अर्धमेल्याची खूण टायरवर सापडते: हात फिरवला की ठराविक अंतराने उंच-सखल लागते. पॉलियुरेथेनचे कडक बुश रबराऐवजी घालण्याची टूम आहे. स्टिअरिंग त्याने नेमके होते, पण रस्त्याचा आवाज आत येतो आणि ग्रीस संपले की ते कुरकुरतात.

टायर हीसुद्धा स्प्रिंगच आहे, आणि सगळ्यांत आधी धक्का तीच खाते. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरची बाजू १२० मिलिमीटर उंच असते. १९५/५५ आर १६ ची १०७ आणि २०५/४५ आर १७ ची ९२. तिन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास एकच. म्हणजे मोठे ॲलॉय बसवणाऱ्याने खड्ड्यापुढचे २८ मिलिमीटर रबर देऊन टाकलेले असते आणि वर वजन वाढवलेले असते. सस्पेंशन कडक वाटते म्हणून तक्रार करणाऱ्याने आधी चाकाचे माप आणि हवा पाहावी. हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजावी. सोलापूरच्या दुपारी पंपावर भरलेली हवा थंडावल्यावर कमी भरते. दाराच्या चौकटीवर लिहिलेला रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा दाब वेगळा असतो. भरलेल्या गाडीचा आकडा वर्षभर ठेवला की गाडी उगाच आपटते.

गाडी वळणावर फार कलते एवढीच तक्रार असेल तर उंचीला हात न लावता स्टॅबिलायझर बार जाड करता येतो. सरळ रस्त्यावर दोन्ही चाके एकत्र उचलली गेली की तो काहीच करत नाही, वळणावरच काम करतो. एका चाकाच्या खड्ड्यात मात्र तो दुसऱ्या बाजूलाही ओढतो, आणि आपल्याकडे तो मोजक्याच मॉडेलांसाठी मिळतो.

आपल्या गाडीचा प्रवास खरोखर संपतो का, हे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. शॉकअपच्या दांड्यावरचे धुळीचे आवरण वर सरकवून दांड्याला प्लास्टिकची बारीक केबल टाय आवळायची आणि ती नळीच्या तोंडाशी टेकवून ठेवायची. आठवडाभर नेहमीच्या रस्त्यांनी, एकदा भरलेल्या गाडीने जायचे. दांडा जेवढा आत जाईल तेवढी टाय वर ढकलली जाते आणि तिथेच राहते. टाय आणि बंप स्टॉप यांच्यात दोन बोटांची फट उरली असेल तर त्या गाडीत थोडी उंची कमी करायला जागा आहे. टाय फोममध्ये रुतली असेल तर मूळ उंचीवरच प्रवास कमी पडतो आहे, आणि अशा गाडीला लोअरिंग स्प्रिंग विकणारा माणूस तिचा मालक कुठून येतो-जातो हे विचारतच नाही. उंची मोजताना जमिनीपासून नव्हे, चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत टेप लावावी. टायरमधल्या हवेचा फरक त्यात येत नाही. डावी-उजवीत दहा मिलिमीटरहून जास्त तफावत असेल तर एक स्प्रिंग बसली आहे किंवा तुटली आहे.

कायद्याची बाजू विसरून चालत नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करायला मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२ अ अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा सांगते. झिजलेला शॉकअप त्याच दर्जाच्या नव्याने बदलणे ही दुरुस्ती झाली, तिला कोणाची हरकत नाही. पण उंची बदलणारा संच बसवायचा असेल तर आधी एमएच-१३, म्हणजे सोलापूरच्या परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी निघाला तर वाद अटळ असतो. वॉरंटीतल्या गाडीत सस्पेंशन, स्टिअरिंग आणि ड्राइव्ह शाफ्टवरचा हक्क बहुधा जातो.

बसवण्याच्या कामात एक चूक इतकी सर्रास होते की ती वेगळी सांगायला हवी. गाडी लिफ्टवर, चाके लोंबकळत असताना लोअर आर्मचे बोल्ट पक्के आवळले जातात. रबरी बुश त्या स्थितीत जखडला जातो आणि गाडी खाली ठेवताच कायमचा पिळलेला राहतो. काही महिन्यांत तो फाटतो आणि दोष मालाला लावला जातो. बोल्ट हाताने बसवून, गाडी चाकांवर उभी करून, दोन-तीनदा दाबून सोडल्यावर टॉर्क पान्याने शेवटचे आवळायचे असतात. स्प्रिंग कॉम्प्रेसर सुस्थितीत नसेल अशा ठिकाणी स्ट्रट उघडू देऊ नये. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. शॉकअप आणि स्प्रिंग नेहमी जोडीने, डावी-उजवी दोन्ही बदलावीत.

काम झाल्यावर त्याच दिवशी अलाइनमेंट करावी. नवी स्प्रिंग पहिल्या काही शेकडो किलोमीटरमध्ये चार-पाच मिलिमीटर बसते, म्हणून त्यानंतर एकदा पुन्हा करावी. हेडलाइटचा झोत भिंतीसमोर उभे राहून तपासावा. समोर कॅमेरा असलेल्या नव्या गाड्यांत तो कॅमेराही कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नव्या उंचीला जुळवून घ्यावा लागतो. काढलेल्या मूळ स्प्रिंगवर पुढची-मागची, डावी-उजवी असे रंगाने लिहून त्या तेलाचा हात फिरवून ठेवाव्यात. गाडी विकताना, किंवा बदल मूळ स्थितीला आणायची वेळ आली तर, त्याच लागतात.